आधी इंजिन, मग माणसं

बुधवार, १५ मे, दुपारी

दादा,

तुझ्या घराचं कुलूप मी तोडलं. दुसऱ्या कुणीतरी तिखटमीठ लावून सांगण्याआधी माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहितेय. छिन्नी-हातोडा बाबांच्या वर्कशॉपमधला होता, पण बाबांना यातलं काही माहीत नव्हतं, तेव्हा त्यांच्यावर चिडू नकोस. तसंही तुम्ही दोघांनी एकमेकांवर चिडणंसुद्धा केव्हाच सोडून दिलंय.

फोन केला असता, पण माझं नाव दिसलं की तू उचलत नाहीस. पत्राचं बरं असतं. फाडून टाकायचं असलं तरी माणूस आधी एकदा वाचतो.

सकाळी हवामान खात्याचा दुसरा इशारा आला. आमच्या खालच्या गल्लीनं वादळासाठी एक समिती केलीय, हे वहिनीच्या कानावर गेलं असेलच, तिला इथली प्रत्येक बातमी लागते. समिती म्हणजे फार मोठं काही नाही. मी, जाळी विणणारी काकू, बर्फवाला आणि होडीवाल्यांपैकी दोघं-तिघं. आमचे नियम आम्हीच बनवलेत. दुसरा इशारा आला की सामान हलवायचं, तिसरा आला की माणसं. सरकारी हुकुमाची वाट बघायची नाही. हुकूम येतो तेव्हा पूल पाण्याखाली गेलेला असतो, आणि ज्या शाळेत जायचा हुकूम असतो ती शाळा पुलाच्या पलीकडे आहे. हे दर वेळी होतं. अधिकारी दर वेळी नव्यानं हळहळतात.

पुलाच्या अलीकडे, चढावर, पक्क्या स्लॅबचं, दोन मजली घर एकच आहे. ते तुझं आहे, आणि तू तिकडे लांब असल्यानं बंदच असतं. तुझ्याकडे किल्ली मागितली होती. तू "बघू" म्हणालास. ते बघणं अजून चालूच आहे, आणि समुद्राला तेवढा धीर नाही.

आता तुझ्या हॉलमध्ये काय काय आहे ते सांगते, म्हणजे तुला कल्पना करत बसायला नको. होड्यांची इंजिनं आहेत, एकाला एक टेकून. खाली गोणपाट टाकलाय, पण तेल जिथे जायचं तिथे गेलंच. काकूची जाळी आहेत. माझी दोन्ही शिलाई मशिनं खिडकीपाशी आहेत, तिथे उजेड फार छान येतो, तू कधी त्या खिडकीत बसला नसशील. बकऱ्या खालच्या बाथरूममध्ये आहेत. एक बकरी तुझ्या पडद्याचा कोपरा खाताना सापडली. बाकीचा पडदा शाबूत आहे.

तू म्हणशील, माणसं वाचवायला घर हवं होतं तर लोखंड कशाला भरलं. मागच्या मोठ्या वादळात काकूचा नवरा वेळेवर निघाला होता. शाळेत पोचला होता, कोरडा ठणठणीत. मग त्याला होडीवरचं इंजिन आठवलं, आणि तो परत फिरला. काकूनं समितीच्या पहिल्याच बैठकीत सांगितलं, "माणसाला हलवू नका. त्याचं पोट ज्याच्यावर आहे ते हलवा, माणूस आपोआप मागनं येतो." तेव्हापासून आमचं ठरलंय. आधी इंजिन, मग माणसं. माझ्यापुरतं म्हणशील तर आधी मशीन, मग मी.

बाबा खालीच आहेत. त्या दिवसापासून तुझ्या फाटकाच्या आत त्यांनी पाय ठेवलेला नाही आणि आजही ठेवणार नाहीत म्हणाले. रेडिओ उशाशी घेऊन खाटेवर पडलेत. मी भांडले, काकू भांडली, उपयोग झाला नाही. शेवटी मी सांगितलं की मी पण खालीच थांबते, तर म्हणाले थांब, चहा कर.

आत्ता वारा पडलाय. ही शांतता मला वाऱ्यापेक्षा जास्त खुपतेय.

तुझी बहीण


२१ मे

दादा,

वादळ आलं नाही. वळलं. आमच्याकडे नुसता शिडकावा झाला आणि तिथेच संपलं. सगळे आपापल्या घरी गेले, इंजिनं होड्यांवर गेली. तुझा हॉल मी आणि काकूनं स्वतः पुसून काढला. दोन डाग राहिलेत. रॉकेलनं घासून बघितलं, जात नाहीत.

तुझ्या वकिलाची नोटीस मिळाली. भाषा झकास आहे. "अनधिकृत प्रवेश, जनावरे कोंडणे व मालमत्तेची नासधूस" वाचून काकू म्हणाली, एवढं सगळं आपण केलं, आपल्याला कळलंच नाही. तू ते घर विकायला काढलंयस हेही नोटिशीतूनच समजलं. विक. तुझं घर, तुझी मर्जी. पण विकलं जाईपर्यंत दुसरा इशारा आला की आम्ही वर येणार. ज्याला विकशील त्यालाही मी हे आधीच सांगून ठेवीन, फसवणार नाही.

तू पाठवलेला रखवालदार पण पोचला. नवं कुलूप, नवी साखळी, शिट्टी. माणूस सरळ आहे. बायको-पोरांना घेऊन खालीच राहायला आला, बर्फवाल्याच्या मागच्या खोलीत, कारण तुझ्या एवढ्या मोठ्या घरात त्याला राहू द्यायचं तुझ्या वकिलाच्या डोक्यात आलं नाही. राखायचं घर चढावर आणि राखणाऱ्याची पोरं पाण्याच्या तोंडाशी, असा तुझा कारभार.

आता इथलं ऐक. गल्लीत माझं नाव वादळबाई पडलंय. कपडे शिवायला टाकताना बायका विचारतात, "वेळेत देशील ना, का मध्येच पळायचंय?" होडीवाल्यांचे दोन दिवस बुडाले, त्यांचा राग खरा आहे, त्यांना मी काही बोलत नाही. पण ती जी मदत करणारी संस्था आहे, तिच्या साहेबांना मात्र बोलले. ते गाडी घेऊन आले आणि हातगाड्यांच्या भाड्यावर झालेला खर्च वाया गेला, त्याचा खुलासा द्या म्हणाले. याच संस्थेकडे आम्ही नाक घासून मागणी केली होती की वादळ येऊन गेल्यावर ताडपत्र्या वाटण्यापेक्षा आधी हातगाड्यांचं भाडं द्या. मोठ्या मुश्किलीनं ऐकलं, आणि पहिल्याच खेपेला खुलासा.

मी म्हटलं, "साहेब, मी कपड्याला आतून दुहेरी टीप मारते. तो कपडा कधीच उसवला नाही, तर तुम्ही दोऱ्याचा खुलासा मागाल का?"

साहेब म्हणाले, वादळ आलं असतं तर खर्च दाखवता आला असता. म्हणजे आम्ही थोडंफार मरायला हवं होतं, नुसतं कागदापुरतं. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले. ते मला आगाऊ म्हणाले. समितीच आगाऊ तयारीची, तेव्हा मी ते मनाला लावून घेतलं नाही.

पण तुला खरं सांगते, रात्री झोप लागत नाही. साहेबांमुळे नाही आणि तुझ्या वकिलामुळे तर मुळीच नाही. पुढच्या वेळी मी हाक मारली आणि कुणी आलंच नाही तर, याची भीती वाटते. एकदा हसं झालेल्या माणसाच्या मागे परत कोण येतं? हे मी गल्लीत कुणाकडेही बोलले नाही. तुला सांगते, कारण तू उत्तर देत नाहीस.

बाबा ठीक आहेत. वादळ वळल्यावर फक्त एवढंच म्हणाले, "बघ, मी खाटेवरून हललोसुद्धा नाही." जणू त्यांनीच ते वळवलं.

तुझी बहीण


९ जून

दादा,

एक गंमत झाली ती कळवते, वाचून कपाळावर आठ्या घालायला तुला आणखी एक कारण.

समितीची बैठक होती. बर्फवाल्याच्या शेडमध्ये, सगळे पाय वर घेऊन, कारण खाली बर्फाच्या लादीचं पाणी. होडीवाले आले, पण बसायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं एकच. इंजिन काढायचं, वाहून न्यायचं, परत आणायचं, परत बसवायचं, आणि वादळ नाही आलं तर? मी समजावून दमले. खात्याचा अंदाज म्हणजे अंदाज असतो, दहा वेळा गेलो आणि एकदाच आलं तरी त्या एकाच वेळेसाठी दहा वेळा जायचं, वगैरे. एकाच्या डोक्यात शिरेल तर शपथ. शेवटी माझाही तोल गेला. मी म्हटलं, "हसायचं तर हसा, पण इंजिन वर आणून हसा."

त्यावर कुणी हसलं नाही, वर कुणी येतो असंही म्हटलं नाही.

मग काकूनं डोकं चालवलं. ती म्हणाली, वादळ न आल्याचाही काहीतरी फायदा लोकांना मिळायला हवा. एरवी मोसमात कुणाला इंजिन उघडून साफ करायला सवड मिळत नाही. इशाऱ्याच्या वेळी तर इंजिनं होडीवरून काढलेलीच असतात, सगळी एका जागी असतात. मग मिस्त्रीनं तिथेच प्रत्येक इंजिन उघडावं, घासावं, वंगण द्यावं. वादळ आलं तर इंजिन वाचलं, नाही आलं तर साफ झालं.

शेडमध्ये एकदम कुजबुज सुरू झाली. मला तिचे पाय धरावेसे वाटले. मी महिनाभर डोकेफोड केली आणि हिनं जाळ्याची गाठ मारता मारता सोडवलं.

मिस्त्री म्हणजे आपले बाबा. पूर्ण किनाऱ्यावर ते एकच. होडीवाले तिथल्या तिथे उठून बाबांकडे गेले. मी मुद्दाम मागे राहिले, कारण मी काही सुचवलं की बाबांना त्याच्या विरुद्ध वागावं लागतं. तुलाही हा स्वभाव त्यांच्याकडूनच आलाय की तुझा स्वतःचा आहे, देव जाणे.

बाबा तयार झाले. दादा, त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. हल्ली कामं कमी झालीयत, लोक नवीन इंजिन घेतात, जुनं फेकतात. दिवसभर वर्कशॉपमध्ये बसून तोच तो पाना पुसत असतात. आता एकदम सगळ्या होड्या त्यांच्या हाताखाली. त्यांनी लगेच फर्मान काढलं की कुणी स्वतः उघडाउघडी करायची नाही, नटबोल्ट हरवले तर याद राखा.

अट मात्र घातली. "शेठच्या घरात पाय ठेवणार नाही. फाटकाबाहेर ताडपत्री बांधा, तिथे बसून करीन." तुला शेठ म्हणतात, माहीत आहे ना? नावानं हाक मारल्याला जमाना झाला.

मी ताडपत्री बांधू म्हटलं. ताडपत्री वाऱ्यात किती टिकते हे मला आणि त्यांना दोघांनाही माहीत आहे.

मोसम संपेपर्यंत मशीनवर बसते आणि आभाळाकडे बघते. उत्तर देऊ नकोस, सवय मोडेल.

तुझी बहीण


१७ ऑक्टोबर, सकाळी

दादा,

हे पोस्टात टाकत नाही. फोटो काढून वहिनीच्या मोबाइलवर पाठवतेय, कारण वेळ नाही.

दुसरा इशारा पहाटे आला. या वेळी समुद्राचा रंग मला आवडलेला नाही आणि बाबांनाही. इंजिनं वर चढताहेत. दादा, लोक आले. मी हाक मारायच्या आधीच पहिली हातगाडी माझ्या दाराशी उभी होती. होडीवाला म्हणाला, "वादळबाई, आमच्या इंजिनाचा नंबर पहिला लाव, नंतर मिस्त्री दमतो." मी आत जाऊन पदरानं डोळे पुसले आणि बाहेर येऊन त्याच्यावर खेकसले की रांगेत उभा राहा.

कुलूप या वेळी मी तोडलं नाही. तुझ्या रखवालदारानं किल्लीनं उघडलं. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. त्यानं आधी आपली पोरं आणून तुझ्या जिन्यात बसवली, मग शिट्टी वाजवून गाड्यांना वाट करून द्यायला लागला. त्याला कामावरून काढायचं असेल तर काढ, आम्ही त्याला समितीत घेतलाय.

आता मुद्द्याचं. तुझ्याकडे मी आजवर घर मागितलं, तू दिलं नाहीस, मी घेतलं. त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही. पण एक गोष्ट आहे जी मला छिन्नीनं फोडून घेता येत नाही.

बाबा फाटकाबाहेर ताडपत्रीखाली बसून इंजिनं साफ करताहेत. तिसरा इशारा झाला की ते उठून खाली, आपल्या घरी जाणार आहेत. खाटेवर. मागच्या वेळी वाचलो, या वेळीही वाचू, असं त्यांचं गणित. आपल्या घराची समुद्राकडची भिंत तुला आठवते ना? तिला आता उभी चीर आहे. त्यांची खाट तिलाच लागून आहे.

त्या दिवशी काय झालं ते मी आज लिहिते, कारण तू स्वतःला काय सांगतोस कुणास ठाऊक. तुझ्या घराचा पहिला दिवस होता. तुझे साहेब लोक आले होते. बाबा दिवसभर एका होडीवर अडकले होते, उशीर होईल म्हणून तसेच आले, तेलाच्या कपड्यांत. हातात तुझ्यासाठी स्वतः घडवलेली पितळेची कडी होती. तू फाटकापाशी जाऊन हळूच म्हणालास, "बाबा, मागच्या दारानं या, आधी हात-पाय धुवा." तू ओरडला नाहीस, अपमान करायचा म्हणून बोलला नाहीस, हे मला मान्य आहे. पण ते फिरले आणि घरी आले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "काही नाही. मला आत बोलावलंच नाही."

तेवढंच आहे. बोलावलं नाही. तेव्हा आता बोलाव. माफी नको मागूस, तुझ्यानं ते व्हायचं नाही आणि त्यांच्यानं ते ऐकवायचं नाही. फक्त फोन कर आणि म्हण, बाबा, आत जा. एवढ्या तीन शब्दांवर त्यांचा जीव टांगलाय.

मी हात जोडत नाही. तुझ्यापुढे मी कधीच हात जोडणार नाही. पण फोन कर.


२४ ऑक्टोबर

दादा,

मोबाइल टॉवर आजही उभा राहिलेला नाही, म्हणून परत कागद. बर्फवाला तालुक्याला जातोय, त्याच्याबरोबर पाठवते.

सगळे जिवंत आहेत. हे आधी लिहिते, मग सावकाश बाकीचं.

वहिनीनं फोटो बघितल्याची खूण आली होती. तुझा फोन आला नाही. का आला नाही, मी विचारत नाही. तिसरा इशारा दुपारच्या आत आला. वारा सुटला होता. ताडपत्री दोन हिसक्यांत उडून खड्ड्यात जाऊन पडली. आम्ही बाबांची सगळी हत्यारं उचलली आणि हॉलमध्ये नेली. त्यांचा तो जुना व्हाइससुद्धा, लोखंडी जबड्यात वस्तू आवळून धरणारा, ज्याला ते आपल्यापेक्षाही जपतात. तो उचलायला तिघं लागले. बाबा बघत राहिले आणि म्हणाले, "न्या. काम उरलंय ते उद्या." मग हात पुसले आणि उतारावरून निघून गेले. मी मागनं गेले. खाटेवर बसले होते, रेडिओचा कान पिळत. भिंतीतनं वारा शिट्टी घालत होता. मी रडले, ओरडले, त्यांच्या हाताला धरून ओढलं. हात लोखंडाचा आहे त्यांचा, हलला नाही. म्हणाले, "तू जा, तुझी माणसं वर आहेत."

मी वर आले. आणि दादा, जे केलं ते सांगते. मी रखवालदाराला म्हटलं, तो व्हाइस शेठच्या जेवायच्या टेबलावर खिळ्यांनी ठोक. त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "ताई, मालकांचं सागवानी टेबल आहे." मी म्हटलं, माहीत आहे, म्हणूनच सांगतेय, चांगले लांब खिळे घे.

त्यानं ठोकले. तुझं टेबल गेलं, हे तुला खरं तेच सांगते.

मग बर्फवाल्याला खाली पिटाळला. त्यानं जाऊन बाबांना एवढंच सांगायचं होतं की मिस्त्री, वर होडीवाला स्वतःच इंजिन उघडून बसलाय, आणि तुमचा व्हाइस त्यांनी टेबलाला खिळ्यांनी ठोकलाय. बस्स, घरात चला वगैरे काही म्हणायचं नाही. बर्फवाला सांगतो की बाबा पहिलं वाक्य ऐकून नुसते हूं म्हणाले. दुसरं ऐकल्यावर उठले.

"खिळ्यांनी?"

हा त्यांचा आवाज मला वर तुझ्या फाटकापर्यंत ऐकू आला, वाऱ्यातसुद्धा. चढ चढून ते आले, फाटकातून आले, पायऱ्या चढले, पुढच्या दारानं हॉलमध्ये आले. भिजलेले, पायाला चिखल, अंगावर तेच तेलाचे कपडे. कुणाकडे बघितलं नाही. सरळ टेबलापाशी. "व्हाइस खिळ्यांनी ठोकतात का रे, गाढवांनो? बोल्ट कुणी खाल्ले?" रखवालदार बिचारा मान खाली घालून उभा. बाबांनी खिळे उपटले, टेबलाला भोकं पाडली, बोल्ट टाकून व्हाइस आवळला, हलवून बघितला, परत आवळला. हॉलमध्ये गल्लीतली सगळी माणसं होती. पोरं, म्हातारी, बकऱ्या. 

मग त्यांच्या लक्षात आलं.

वर बघितलं, तुझ्या त्या उंच छताकडे. चारी भिंतींकडे. खाली आपल्या पायांच्या ठशांकडे. मला वाटलं, आता फिरणार. मी दाराच्या मध्ये जाऊन उभी राहिले. वारा मागनं दार ढकलत होता आणि मी पाठीनं ते धरलं होतं, आणि मनात म्हणत होते की आज मला ओलांडूनच जावं लागेल, बाप असलात तरी. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. खिळ्यांचं पण.

म्हणाले, "फडकं दे."

मला वाटलं, फरशी पुसणार. मी म्हटलं, बाबा, राहू द्या, मी पुसते. त्यांनी फडकं माझ्या हातातून घेतलं, व्हाइसचे जबडे पुसले आणि होडीवाल्याला म्हणाले, "पुढचं इंजिन आण."

वादळ डोक्यावर होतं तोवर ते काम करत होते. दार-खिडक्या हादरत होत्या, पोरं किंचाळत होती, वरच्या मजल्यावरची तुझी मोठी काच फुटली, आणि खाली पान्याचा आवाज एका लयीत चालला होता. पोरं हळूहळू त्या आवाजापाशी येऊन बसली. काकू म्हणाली, मिस्त्री थांबू नका. ते थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी खाली गेलो तर आपलं घर नव्हतं. समुद्राकडची भिंत आत पडली होती, खाटेवर. मी तिथे उभी राहून तुला खूप शिव्या घातल्या, अगदी मोठ्यानं. बाबा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी मला थांबवलं नाही. गल्लीतली निम्मी घरं गेलीत. पण एकही इंजिन गेलं नाही, एकही माणूस गेला नाही, आणि पूल बुडाला तेव्हा त्याच्यावर कुणीही नव्हतं. साहेब येऊन गेले. या वेळी खुलासा मागितला नाही, फोटो मागितला. मी म्हटलं, आमच्यात कुणी मेलं नाही, फोटो कशाचा काढणार?

काल रखवालदारानं सांगितलं. तो दोन दिवसांपूर्वी तालुक्याला गेला होता, तिथे त्याच्या फोनला रेंज आली आणि तुझाच फोन वाजला. तू आधी काचांचं विचारलंस. तो सांगायला लागला तर तू त्याला मध्येच तोडलंस. मग विचारलंस, "बाबा?" तो म्हणाला, आत आहेत. तर म्हणे तू परत विचारलंस, कुठे आत. तो म्हणाला, तुमच्या घरात, साहेब. मग तो नुसता हॅलो हॅलो करत राहिला.

आधी काचा विचारल्यास, मग बाबा. क्रम चुकला. पण विचारलंस, हे मी नाकारत नाही.

आता इथली स्थिती. तुझा हॉल आता वर्कशॉप आहे. होडीवाले रांग लावून असतात, कारण सगळी इंजिनं साफ होऊन पुन्हा समुद्रावर जायचीत आणि घरं बांधायला तीच कमाई लागणार आहे. वरच्या दोन खोल्यांत तीन कुटुंबं राहताहेत, त्यांच्या भिंती उभ्या राहीपर्यंत. मी खिडकीपाशी मशीन चालवते. काकू जिन्यावर बसून जाळं विणते. समितीची पुढची बैठक इथेच आहे. आम्ही ती तुझ्या परवानगीशिवाय ठरवली आहे.

बाबा तुझ्या सोफ्यावर झोपतात. काल झोपेतून उठून त्यांनी मला विचारलं, "तो एवढ्या लांबून यायचा म्हटलं तर किती तास लागतात गं?" मी म्हटलं, माहीत नाही. कूस बदलून परत झोपले. शेठ म्हणाले नाहीत.

तुझं गिऱ्हाईक घर बघायला येणार असं वकिलानं कळवलंय. येऊ दे. मी चहा करीन. पण मिस्त्री उठा, हे घर विकलंय, हे त्यांना मी सांगणार नाही. वकील सांगणार नाही आणि नोटीसही सांगणार नाही, कारण ती आम्ही त्यांना वाचून दाखवणार नाही. ते सांगायचं असेल तर तू ये. त्यांच्या समोर बस, त्यांच्या हातातला पाना खाली ठेवायला लाव, आणि तुझ्या तोंडानं सांग.

बघू जमतंय का तुला.

तुझी बहीण